स्मरणात राहणारी मैफल

गाण्याचा नाद असलेल्या माणसांची एक ठरीव खोड असते. दोघेतिघे जमले, चहा झाला, की अमक्या साली अमक्या बुवांचा मारवा काय रंगला होता, ही गोष्ट निघायचीच. त्या गाण्याला वीस-पंचवीस वर्षे होऊन गेलेली असतात. बुवा हयात नसतात. ज्या दिवाणखान्यात बैठक झाली त्या जागी सहा मजल्यांची इमारत उभी असते. पण सांगणाऱ्याला तबलजीच्या कोटाचा रंग आठवतो, पानाचे तबक कोणत्या बाजूने फिरले ते आठवते, शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने कोणत्या जागेवर मान हलवली तेही आठवते. बंदिशीचे शब्द विचारावेत तर मात्र तो डोके खाजवू लागतो! ज्यासाठी गेलो ते निसटले आणि ज्याकडे लक्षही नव्हते ते राहिले, हा प्रकार थोडा विचार करण्याजोगा आहे. मैफल स्मरणात राहते म्हणजे नेमके काय राहते, आणि ती राहावी म्हणून काय काय जुळून यावे लागते, एवढाच प्रश्न आम्ही येथे घेतला आहे. संगीताचे सौंदर्यशास्त्र विद्वानांनी सांगावे. आम्ही श्रोत्याच्या बाजूने बोलणार. या मंडपात गवई थोडे आणि श्रोते पुष्कळ, तेव्हा हाच पक्ष बरा.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर अशा आठवणींचा मुकुटमणी म्हणजे ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात झालेला संयुक्त 'मानापमान'. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी संस्था. एकीचे धनी बालगंधर्व, दुसरीचे केशवराव भोसले. टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी दोघे एका रंगमंचावर उभे राहिले. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. आज शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला तरी मराठी माणूस त्या रात्रीविषयी असा बोलतो, की जणू हा स्वतः पिटात बसला होता. आणि गंमत अशी, की त्या रात्रीचा एक सूरही कोणाच्या संग्रही नाही. ते शक्यच नव्हते. त्या काळी ध्वनिमुद्रण कर्ण्यात तोंड घालून करावे लागे. विजेच्या साहाय्याने आवाज टिपण्याची युक्ती १९२५ च्या सुमारास प्रचारात आली. चालत्या नाटकातले गाणे टिपण्याचे साधनच नव्हते. तरीही ती रात्र राहिली. कशाच्या बळावर?

आमचे उत्तर असे, की त्या रात्रीचा निम्मा भाग प्रेक्षकांनी घरून आणला होता. गडकरी-खाडिलकरांची नाटके तोंडपाठ असलेला तो प्रेक्षक. 'मानापमान'चा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ चा; त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली आणि तरीही ते रंगभूमीवर उभे राहिले, ही हकीकत घरोघर ठाऊक होती. गोविंदराव टेंबे यांनी दिलेल्या चाली दहा वर्षे गल्लोगल्ली गायिल्या जात होत्या. म्हणजे पद सुरू होण्यापूर्वीच ते श्रोत्याच्या कानात वाजत होते. समोरचा नट त्याला आता कोणते वळण देतो, एवढेच पाहायचे होते. त्यावर दोन थोर गळ्यांची चुरस, आणि त्यावर स्वराज्याच्या कामाचा उत्साह. पुढे तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव गेले. तो योग पुन्हा येणार नव्हता, आणि न येणाऱ्या योगाला स्मृती नेहमीच अधिक जपते.

आता याच्या उलट बाजूस ध्वनिमुद्रिका ठेवून पाहू. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजानचे गाणे मुद्रित झाले आणि हिंदुस्थानी संगीत तबकडीवर चढले. तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची. जो राग तास-तास आळवायचा तो तीन मिनिटांत बसवायचा, म्हणजे पैठणी काडेपेटीत घडी करून ठेवण्यासारखे. जुन्या गवयांनी तेही करून दाखवले आणि काहींनी फार सुंदर करून दाखवले. तबकडीला हसण्याचे आम्हांला कारण नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी ऐकून गदगचा एक मुलगा वेडा झाला आणि गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. तो मुलगा पुढे भीमसेन जोशी झाला. केसरबाई केरकरांची भैरवी तर १९७७ साली 'व्हॉयेजर' यानांबरोबर अवकाशात गेली. मराठी माणसाच्या अभिमानाची जागा सूर्यमालेच्या सीमेपलीकडे जाऊन पोचली, यात आनंदच आहे. तथापि त्या यानाला दाद देता येत नाही, ही अडचण राहतेच.

हा विनोद नव्हे. तबकडीत गाण्याचे काय हरवते, याचा शोध लोक आवाजात घेतात: सूक्ष्म कंप उमटला नाही, तंबोरा दबला, मंद्र सप्तक पुसट झाले. तांत्रिक सुधारणांनी हे दोष आता बहुतेक गेले आहेत. उत्तम यंत्रावर आजचे मुद्रण ऐकावे तर गवयाचा श्वासही कानाशी येतो. तरी मैफल येत नाही. कारण जे हरवते ते गवयाच्या बाजूचे नसून आपल्या बाजूचे असते. ते कसे, हे समजण्यासाठी सम या गोष्टीकडे नीट पाहिले पाहिजे.

विलंबित एकताल घ्या. मात्रा बारा. पण लय इतकी संथ, की एक आवर्तन पुरे व्हायला सहज पाऊण मिनिट, कधी एक मिनिटही लागते. तबलजी ठेका धरून बसलेला आहे. त्याचे काम घड्याळाचे. गवई त्या काळाच्या पोकळीत आलाप भरतो. एक सूर घेतो, त्याच्याभोवती फिरतो, दूर जातो, इतका दूर की आता हा परत कसा येणार अशी धास्ती वाटावी. दहावी मात्रा जाते, अकरावी जाते. आणि मग तो मुखडा उचलतो आणि पहिल्या मात्रेवर, ठरलेल्या अक्षरावर, अलगद येऊन बसतो. या येण्याला आपले लोक आमद म्हणतात. ज्याला तालाचे शास्त्र येत नाही त्यालाही चारसहा आवर्तनांनंतर हे येणे अंगात कळू लागते. मग सभागृहात काय होते पाहा. दोनशे माणसे आपापल्या मनात, कोणी बोटांवर, कोणी पायाच्या अंगठ्याने, तोच काळ मोजत असतात. सगळ्यांच्या अपेक्षा एका क्षणाकडे सरकत असतात. सम येते आणि दोनशे माना एकदम हलतात. ज्यांनी एकमेकांचे तोंड कधी पाहिलेले नाही, पाहिले तर कदाचित भांडतीलही, अशा माणसांचा श्वास एका ठिकाणी सुटतो. दर मिनिटाला एकदा, असे तासभर. शेजारच्या म्हाताऱ्याची मान पंचवीस वर्षे लक्षात का राहते, याचा उलगडा आम्हांला येथे होतो. आपण नुसते गाणे ऐकत नव्हतो. त्या म्हाताऱ्याबरोबर वाट पाहत होतो.

आणि गवई हे सारे पाहत असतो. समेला माना हलल्या म्हणजे श्रोते हिशेबात आहेत हे त्याला कळते, आणि मग तो धीट होतो. पुढच्या आवर्तनात आणखी उशिरा मुखडा उचलतो, आणखी अवघड वाटेने येतो. माना हलल्या नाहीत तर तो सावध होतो. सरगम आणि द्रुत ताना काढून सर्वांना समजेल असे काहीतरी लवकर उरकतो. म्हणजे आपल्याला मिळते ते गाणे आपल्याच लायकीचे असते. हे वाक्य कडू आहे, पण कोणत्याही अनुभवी साथीदाराला विचारावे. तो दुजोरा देईल. साथीदारांचा येथे उल्लेख करायचाच तर असे म्हणू, की मैफलीत पहिले श्रोते तेच. सारंगी किंवा पेटी धरणारा गवयाचा वाक्यशेष पुरा करतो तेव्हा तो बोलकी दादच देत असतो. उस्ताद अहमदजान थिरकवाँसारखा तबलानवाज गंधर्व नाटक मंडळीत साथीला होता आणि सारंगीवर कादरबक्ष होते. हे ज्याच्या पाठीशी, त्याला 'वन्समोअर' चुकणार कसा? त्या वन्समोअरांमुळेच नाटके उजाडेपर्यंत चालत.

श्रोत्याला शास्त्र किती कळावे लागते, हा प्रश्न आम्हांला वारंवार विचारला जातो. त्यावर एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी मोठा जलसा झाला. आरंभी पंडित रविशंकर, उस्ताद अली अकबर खाँ आणि साथीला उस्ताद अल्लारखा. वाद्ये जुळवून झाली आणि हजारो तरुणांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांना वाटले, एक चीज झाली! रविशंकरांनी हसून, जुळवणे इतके आवडले तर वाजवणे त्याहून आवडेल अशी आशा व्यक्त केली. ही गोष्ट सांगून आपल्याकडे अमेरिकन लोकांना हसण्याची पद्धत आहे. आम्हांला त्यात हसण्याजोगे फार दिसत नाही. ते लोक ऐकायला अधीर होऊन आले होते, आणि तारा जुळण्यात खरोखरच एक संगीत असते. आपल्या सभागृहांतून तंबोरे लागत असताना जो गलबला चालतो, खुर्च्या सरकतात, नमस्कार-चमत्कार होतात, त्यापेक्षा त्या अज्ञानी टाळ्या आम्हांला बऱ्या वाटतात. किशोरी आमोणकर श्रोत्यांच्या अशा गडबडीविषयी किती कडक होत्या हे सर्वश्रुत आहे. पुष्कळांना तो त्यांचा अहंकार वाटे. पण तंबोऱ्याची जवारी लागून षड्ज घरात भरून राहिल्याशिवाय पहिला सूर टाकायचा नाही, हा त्यांचा हट्ट मैफलीच्या हिताचाच होता. ज्ञान पुढे येते, शांतपणे वाट पाहण्याची तयारी मात्र दारातून आत येतानाच हवी.

कधी कधी श्रोते ज्ञानापेक्षाही वेगळे काही बरोबर घेऊन येतात. कुमार गंधर्वांचे उदाहरण घ्या. अकरा-बारा वर्षांचा हा मुलगा मुंबईच्या जिना हॉलमध्ये, प्रोफेसर देवधरांनी भरवलेल्या परिषदेत गायिला आणि जाणकार थक्क झाले. पुढे ऐन पंचविशीच्या आत क्षयाने गाठले. देवासला अंथरुणावर वर्षे गेली, एक फुप्फुस निकामी झाले, गाणे बंद. नवे औषध निघाले म्हणून जीव वाचला. १९५३ साली ते पुन्हा मैफलीत बसले. तेव्हा समोर बसलेल्यांपैकी प्रत्येकाला ठाऊक होते की हा मनुष्य अर्ध्या श्वासावर गातो आहे. प्रत्येक ताणलेल्या सुराला लोकांनी आपलाही श्वास धरून ठेवला असणार. आणि त्या अपुऱ्या श्वासातून त्यांनी लहान, टोकदार, अचानक झेपावणाऱ्या जागांची जी गायकी उभी केली, ती ऐकताना ही हकीकत मनातून काढून टाकणे कोणालाच जमले नाही. शुद्ध संगीताच्या दृष्टीने हे गैर आहे, असे काही टीकाकार म्हणतात. असेल, पण मैफल शुद्ध कधी नसतेच.

आता जागेकडे वळू. जुन्या बैठका वाड्यांच्या दिवाणखान्यांत, मुंबईस गिरगावच्या लक्ष्मीबागेसारख्या ठिकाणी, लहान लहान क्लबांत होत. लाकडी तक्तपोशी, खाली जाजमे, भिंतीशी लोड, आणि शंभर-दीडशे माणसे दाटीने बसलेली. यात नकळत मोठे शास्त्र साधलेले होते. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबिन नावाचा एक तरुण प्राध्यापक होता. तेथील एका नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे शब्द कोणाला समजेनात. एक अक्षर बोलावे तर त्याचा घुमारा साडेपाच सेकंद फिरत राही. १८९५ पासून सॅबिनने रात्री-अपरात्री, शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या उचलून आणून, एक ऑर्गनची नळी आणि घड्याळ एवढ्या सामग्रीवर घुमारा मोजण्याचा सपाटा लावला. त्यातून त्याने असे दाखवले, की घुमारा खोलीच्या आकारमानावर आणि आतल्या वस्तू किती आवाज शोषून घेतात त्यावर अवलंबून असतो. आणि शोषणाऱ्या वस्तूंत माणूस ही एक महत्त्वाची वस्तू आहे! रिकामे घर आणि भरलेले घर यांत आवाज वेगळा होतो तो यामुळे. तेव्हा श्रोता हा मैफलीचा भाग आहे हे केवळ आलंकारिक बोलणे नव्हे. पदार्थविज्ञानातही त्याचे अंग जमेस धरावे लागते.

मग ध्वनिक्षेपक आला. त्याने उपकार केले नाहीत असे कोण म्हणेल? मंद्र सप्तकातली हळुवार आलापी, कुजबुजल्यासारखा सूर, हे हजार माणसांना ऐकू येऊ लागले. पण त्याने कानाची एक सवय मोडली. एका जिल्ह्याच्या गावी, वैशाखातल्या संध्याकाळी, आम्ही एका बाईंचे गाणे ऐकत होतो. बिहाग नुकता सुरू झाला होता आणि वीज गेली. जनित्र नव्हते. मंडपात नेहमीचा ओरडा झाला, कोणी बॅटरी लावली. बाई मात्र थांबल्या नाहीत. पहिली काही मिनिटे त्यांचा आवाज दूरच्या खोलीतून येतोय असा वाटला. मागची माणसे न बोलता उठून पुढे सरकली. कार्यक्रमपत्रिकेने वारा घेणारे हात थांबले. आणि मग हळूहळू आवाज वाढला. म्हणजे वाढला नसणार, आमचे कानच जवळ गेले. सर्वांत नवल म्हणजे तंबोरे ऐकू येऊ लागले. तोवरच्या तासाभरात दोन तंबोरे समोर वाजत होते आणि ते आम्ही ऐकलेलेच नव्हते, फक्त पाहिले होते. वीस मिनिटांनी वीज आली तेव्हा मंडपातल्या लोकांनी चक्क हळहळ व्यक्त केली. त्या बिहागातली एकही तान आम्हांला आज सांगता येणार नाही. तो अंधार आणि ते तंबोरे मात्र जसेच्या तसे आहेत.

तिसरी गोष्ट वेळेची, आणि खरा घोर येथेच आहे. आपल्या पद्धतीत रागाला प्रहर नेमलेला आहे. पंडित भातखंडे यांनी या व्यवस्थेची तर्कशुद्ध मांडणी केली. उजाडताना भैरव, सकाळी तोडी, दुपारी सारंग, तिसऱ्या प्रहरी मुलतानी-भीमपलासी, दिवेलागणीस मारवा-पूरिया, मग यमन, मग बिहाग, आणि रात्र चढली की दरबारी, मालकंस. पहाटेच्या तोंडावर ललत. हा संबंध निसर्गाचा की सवयीचा, यावर वाद आहे. आमच्या मते सवयीचाच असला तरी त्याची किंमत कमी होत नाही. तीन-चारशे वर्षे एक समाज मध्यरात्री दरबारी ऐकत आला, तर दरबारीत मध्यरात्र मिसळून जाणारच. दिवसभराचा आवाज निमालेला, डोळ्यांवर थोडी झोप, मन सैल झालेले, अशा वेळी आंदोलित कोमल गंधार जसा लागतो तसा संध्याकाळी सात वाजता, रिक्षाचे भाडे डोक्यात असताना, लागत नाही.

या अनुभवाचे मोठे घर पुण्यास होते. सवाई गंधर्व, म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ, १२ सप्टेंबर १९५२ रोजी निवर्तले. त्यांच्या षष्ट्यब्दीच्या समारंभात, जानेवारी १९४६ मध्ये, शिष्य भीमसेन पुण्यात गायिले होते आणि तेथून त्यांचे नाव झाले होते. १९५३ पासून भीमसेनांनी आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या वतीने गुरूचा पुण्यतिथी उत्सव सुरू केला. तो वाढत वाढत पटांगणात आला आणि डिसेंबरच्या कडाक्यात तीन तीन रात्री चालू लागला. रेणुका स्वरूप प्रशालेच्या मैदानावर, पुढे रमणबागेत, लोक घोंगड्या, थर्मास, दशम्या घेऊन बसत. मध्यरात्री काही जण तिथेच आडवे होत आणि ओळखीचा सूर कानावर पडला की उठून बसत. पहाटे ललत किंवा तोडी सुरू व्हावी, मांडवाच्या कडेने उजेड फुटावा, आणि दूधवाल्यांच्या सायकलींमधून चालत घरी जावे. त्या पिढीतल्या कोणत्याही पुणेकराला विचारा. तो गाण्याआधी थंडीचेच वर्णन करील.

२००० साली केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. सणासुदीच्या आणि सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी वर्षातले मोजके, पंधरापर्यंत दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची मुभा पुढे राज्यांना मिळाली. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने या सर्वावर शिक्कामोर्तब केले. नियम योग्यच आहे. गल्लीतल्या भिंतीएवढ्या कर्ण्यांनी ज्यांच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांची झोप उडवली आहे, ते या नियमाला दुवा देतात आणि आम्हीही देतो. पण त्या सपाट्यात रात्रीची मैफलही गेली. ज्यांनी शेजाऱ्याला कधी त्रास दिला नाही ते राग आणि ज्यांनी दिला ते कर्णे एकाच कलमात सापडले. उत्सव दुपारी सुरू होऊन रात्री दहाला मिटू लागला, दिवस वाढवावे लागले. दरबारी रात्री साडेआठाला येऊन बसली. ललत तर उत्सवातून जवळजवळ परागंदा झाला.

न्यायाने बोलायचे तर तोटाच झाला असे नाही. रात्रीच्या उत्सवांत ज्यांना कधी पाळी येत नसे ते दुपारचे राग आता पोटभर ऐकायला मिळतात. चार वाजता उन्हे कलत असताना जमलेली मुलतानी ही काही लहानसहान गोष्ट नाही. जुन्या लोकांना ती फारशी लाभली नसावी. शिवाय रात्रीच्या बैठकींचे गोडवे गाताना एक गोष्ट लोक सोयीने विसरतात, की त्या बैठकींत सर्वांना जागा नव्हती. दिवाणखान्यात निमंत्रित पुरुष. घरच्या बायका असल्याच तर माडीवर, पडद्याआड. संस्थानिकांच्या दरबारात तर तुमच्या-आमच्यासारख्यांचा प्रश्नच नव्हता. विष्णु दिगंबर पलुसकरांनी तिकीट लावून जाहीर जलसे करण्याची चाल पाडली, १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा कोठे खिशात चार आणे असलेल्या माणसाला गाण्यासमोर मांडी घालून बसता आले. दहा वाजता संपणाऱ्या उत्सवाला नोकरी करणारी मुलगी एकटी जाऊ शकते आणि शेवटच्या बसने परतू शकते. रात्रभराच्या उत्सवात हे इतके सोपे नव्हते.

पण मग मध्यरात्रीच्या रागांचे काय? नियमाचे कलम वाचले तर बंद सभागृहाला त्यात मोकळीक आहे. आणि कर्ण्याशिवाय दीडशे माणसांनी वाड्यात बसून ऐकावे, याला तर कोणताच कायदा आड येत नाही. आड येते ते भाडे, सत्रांच्या ठरावीक वेळा, आणि दुसऱ्या दिवशीची कचेरी. पहाटेची बाजू थोडी उजळ आहे. दिवाळी पहाट म्हणून जे कार्यक्रम महाराष्ट्रात गावोगाव रुजले, त्यांत अभ्यंगस्नान करून, नवे कपडे घालून, अंधारात घराबाहेर पडणारा समाज गाण्यासमोर येतो. दुर्दैवाने तेथे बहुधा नाट्यपदे आणि भावगीतेच होतात. एखाद्या गावाने त्या वेळेला निर्भयपणे एक तास ललत आणि एक तास भैरव लावून पाहावा. श्रोते उठून जातील ही भीती आम्हांला खरी वाटत नाही. अंघोळ करून आलेला माणूस सहसा रागावत नाही.

लहान ठिकाणी अजून पुष्कळ शिल्लक आहे, हेही सांगितले पाहिजे. मिरजेला ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेब चिरविश्रांती घेत आहेत. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी, मद्रासहून पाँडिचेरीस जाताना, सिंगपेरुमाळ कोईल या लहानशा स्टेशनावर त्यांचा अंत झाला आणि त्यांना मिरजेस आणले. उरुसाच्या दिवसांत तेथे गाणारे बिदागीचा विचार न करता येतात. समोर चादर चढवायला आलेले भाविक, फुलांचा वास, लहान मुलांची वर्दळ. आदर्श सभागृहाच्या कोणत्याही कसोटीला ती जागा उतरणार नाही. सॅबिनने तर कपाळाला हात लावला असता. पण तेथे गवई खाँसाहेबांना ऐकवायला बसतो, आपल्याला नव्हे. आपण बाजूने ऐकायचे. आणि त्याच गावच्या सतारमेकर गल्लीत जे तंबोरे घडतात, त्यांना आणि तेथल्या सतारींना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळा, सूर आणि समाधी हे सारे दहा मिनिटांच्या चालीत आहे, असे दुसरे गाव आम्हांला ठाऊक नाही.

राहता राहिली भैरवी. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांना थंडगार पाण्यात हात बुडवून ठेवायला लावले होते. त्यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला, की एखाद्या अनुभवाची मनात राहणारी किंमत त्याच्या लांबीवर फारशी ठरत नाही. त्यातला सर्वांत तीव्र क्षण आणि त्याचा शेवट यांवर ठरते. आपल्या गवयांनी हे पाण्यात हात न घालताच ओळखले होते. तीन तासांच्या बैठकीनंतर भैरवी. तिला प्रहराचे बंधन नाही, रात्री दहालाही चालते आणि पहाटे सहालाही. ती लागली की टाळ्या मंदावतात, लोक चपलांचा विचार करायचे सोडून देतात. तिच्यानंतर काही गायचे नाही, हा संकेत सर्वजण पाळतात.

पुण्याच्या उत्सवात मात्र भैरवीनंतरही एक गोष्ट होते. शेवटचा कलाकार उठतो आणि ध्वनिवर्धकावर सवाई गंधर्वांची जुनी तबकडी लागते, भैरवीतील एक ठुमरी. अवघ्या तीन मिनिटांची. तबकडी घरी प्रत्येकाजवळ असते, आता तर खिशातल्या फोनवरही असते. त्यासाठी कोणी मैदानात यावे असे काही तिच्यात नाही. तरीसुद्धा हजारो माणसे आवराआवर थांबवून जिथल्या तिथे उभी राहतात. रंगमंच रिकामा असतो, फक्त मागे एक तसबीर. खरखरीतून तो चिरका, जुना आवाज वर येतो. ठेक्यावर सम येते, आणि त्या अंधुक उजेडात माना हलतात.